पाऊणपट, वजा चार

समुद्रावर रागावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजाऱ्याचा बाप निघाला, हे माझं नशीब. लाटांच्या आवाजावर किंवा खाऱ्या वाऱ्यावर कुणीही वैतागेल. हे गृहस्थ समुद्राच्या वागणुकीवर रागवत. माकडटोपी घालून किनाऱ्यावर उभे राहत, क्षितिजाकडे बोट रोखत आणि उशिरा आलेल्या शिपायाला साहेबाने घ्यावं तसं त्याला फैलावर घेत. समुद्राचं काही बिघडत नसे. तो मैलभर लांब गेलेला असे, त्याला ऐकूही जात नसेल. ऐकायला जवळ मी असे, कारण गाडी माझी होती, आणि दुर्दैवाने रविवारही माझाच होता.

ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात आमची दोन घरं एकाच ड्राइव्हवेवर. त्यांचा मुलगा माझ्यासारखाच कॉम्प्युटरवाला, पण नोकरी अशी की शनिवार-रविवार फोन गळ्यात बांधलेला. काका, म्हणजे तिथली सगळी मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणत, दर वर्षी मे महिन्यात येत आणि सप्टेंबरात परत जात. तिकडचा पावसाळा चुकवायचा हा हेतू. हा सल्ला ज्याने कुणी दिला त्याने ऑकलंडचा जुलै पाहिला नसावा. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच टोपीवर पहिला थेंब पडे आणि मोसमातला पहिला राग तिथेच येई. "पाऊस चुकवायला आलो आणि पावसाच्या माहेरी उतरलो!" पुढचे चार महिने मग रागाची संततधार. दुकानाला डेअरी म्हणतात आणि तिथे दही मिळत नाही, याचा राग. थंडीने दात वाजत असताना माणसं सुपरमार्केटात अनवाणी फिरतात, याचा राग. स्वतः काका सुनेकडून मोज्याचा अंगठा वेगळा शिवून घेऊन त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालत, आणि लोक बघतात म्हणून त्यांना लोकांचा राग. रस्त्याकडेच्या कुरणात पुकेको दिसला की मात्र थबकत. "ही आमची जांभळी पाणकोंबडी! आमच्या तळ्यात होती. इथे कुणाला विचारून आली?" असं म्हणत, पण म्हणताना आवाज जरा खाली येई. माहेरचं माणूस भेटावं तसे ते तिच्याकडे बघत राहत.

हे काका अलिबागकडच्या एका खाडीवर लाँचच्या धक्क्यावर कारकून होते. हुद्दा लहान, पण मान मोठा, कारण पलीकडे जायचं तर सगळं गाव आधी त्यांना विचारी. वरात न्यायची आहे, भरती कधी? बाळंतीण न्यायची आहे, भरती कधी? काका भिंतीवरच्या पंचांगाकडे एक नजर टाकत आणि उत्तर देत. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, झाली भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता पाणी धक्क्याला लागणार. सारं आयुष्य या पाढ्यावर गेलं आणि एकही वरात चिखलात रुतली नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. इथे मनुरेवात मात्र त्यांना कुणी काही विचारत नसे. म्हणजे मुलगा विचारी, "बाबा, जेवलात?" सून विचारी, "बाबा, गोळी घेतलीत?" नातू काही विचारतच नसे, आणि विचारलंच तर इंग्रजीत. दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यावर देखरेख करणं एवढंच काम उरलेल्या माणसाला राग येणार नाही तर काय येणार? पण हे मला पुढे कळलं. त्या वेळी मला फक्त माझ्या झोपेची काळजी होती.

पक्ष्यांचं खूळ शिरलं ते आमच्याच घरी, एका शनिवारी, मिसळ खाताना. बायकोच्या ऑफिसातली कुणी तिला म्हणाली होती, की तासाभरावर मिरांडाचा किनारा आहे, हिवाळ्यात तिथे हजारो पक्षी उतरतात. वाकड्या चोचीचा, राखाडी, मुठीएवढा एक पक्षी दक्षिणेकडच्या बेटावरच्या नद्या सोडून थंडीपुरता इथे येतो, आणि त्याची चोच उजवीकडे वळलेली असते. ओहोटीला हे सगळे लांब चिखलात पांगलेले असतात. भरती आली की पाणी त्यांना ढकलत किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांच्या बांधावर आणून बसवतं. "म्हणजे भरतीची वेळ तेवढी माहीत हवी," बायको म्हणाली. काकांनी पाव खाली ठेवला. "भरतीची वेळ? ती मी सांगतो." ते असं काही ताठ बसले की मी पेपरातलं भरतीचं कोष्टक शोधायला उठलो होतो तो पुन्हा खाली बसलो. बायकोने तिथल्या तिथे माझा रविवार त्यांना देऊन टाकला.

त्रयोदशी होती. तेरा पाऊणे पावणेदहा. आम्ही पावणेदहाला पोचलो तेव्हा समोर समुद्र नव्हता. चिखल होता, आणि चिखलाच्या पार पलीकडे मोहरी सांडावी तसे काही ठिपके. किनाऱ्यावर एकच इसम होता: पांढरी दाढी, मोठी दुर्बीण आणि त्या थंडीत अर्धी चड्डी. "किया ओरा," तो म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार. "टाइड्स बीन अँड गॉन, मेट." भरती येऊन गेली म्हणे. काकांनी त्याला पायापासून गुडघ्यापर्यंत न्याहाळलं. "ज्याला थंडी कळत नाही त्याला भरती काय कळणार?" असं मला मराठीत सांगून ते पाण्याची वाट बघत उभे राहिले. पाणी यायच्या ऐवजी आणखी लांब गेलं. मग तो सुप्रसिद्ध राग. "बेशिस्त! अरे, चंद्र तोच ना? तिथी तीच ना? मग याला निराळा कायदा?" इथे चंद्रही उलटा दिसतो, हे मी सुचवून पाहिलं. त्या दिवसापासून काका चंद्रावरही रागावले.

मग रविवारमागून रविवार गेले. पुण्यात वाढलेल्या माझा समुद्राशी संबंध भेळेपुरता. तरी ओटाहुहुच्या बाजारातून आणलेल्या भाजीइतक्या नियमाने मी दर आठवड्याला त्या चिखलाचं दर्शन घेऊ लागलो. काका पुढच्या सीटवर मांडीवर पोह्यांचा डबा आणि डोक्यावर माकडटोपी घेऊन बसत आणि मला गाडी चालवायला शिकवत. त्यांना स्वतःला सायकलही येत नसे. किनाऱ्यावर उतरलं की सरळ पावसात. माझे बूट भिजत, पोहे गार होत, चष्म्यावर पाणी साचे आणि चोच उजवीकडे आहे की डावीकडे, हे सोडाच, पक्ष्याला चोच आहे की नाही हेही दिसत नसे. चड्डीवाला दर वेळी तेच वाक्य म्हणे, आणि दर वेळी आनंदाने म्हणे, याने काकांच्या अंगाचा तिळपापड होई. मी एकदा पेपरातलं कोष्टक कापून खिशातून काढलं. "छापील भरती?" काका म्हणाले. "ती तुमच्यासारख्यांसाठी. ज्यांना येत नाही त्यांनी छापून घ्यावं." मला इतका संताप आला की परतताना मी वाटेतल्या बॉम्बे हिल्सच्या टेकड्यांपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. तिथे त्यांनीच खिडकीबाहेर बघत हळूच म्हटलं, "तिकडे कधी चुकलं नव्हतं रे." मग मात्र मला पुढे गप्प बसवेना. बायकोला घरी येऊन सांगितलं, की या माणसाला पक्षी दाखवले नाहीत तर तो आतून मोडेल, आणि त्याआधी मी बाहेरून.

सप्टेंबर लागायच्या थोडं आधी चतुर्थी आली. चार पाऊणे तीन. काकांच्या हिशोबाने दुपारी तीनला भरती. पेपर म्हणत होता, सकाळी अकरा. मी सरळ थाप मारली. "काका, दुपारी हिला डॉक्टरकडे न्यायचंय. सकाळीच जाऊन येऊ. पक्षी नाही तर नाही, पोहे तरी खाऊ." ते फुगून गाडीत बसले. "तीनची लाँच असताना अकराला धक्क्यावर जाणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात माहीत आहे?" मी विचारलं नाही.

गाडीतून उतरलो आणि पाणी समोर होतं. चकचकीत, भरलेलं, थेट बांधापर्यंत. आणि बांधावर जागा नव्हती. लाल चोचीचे काळे-पांढरे दाटीवाटीने, त्यांच्यामागे लांब चोचींचे उंच, आणि सगळ्यांच्या पायाशी ते राखाडी, मुठीएवढे, एका पायावर झोपलेले शेकडो जीव. कशाने कोण जाणे, एकदम सगळे उठले. अंगणात ओलं लुगडं झटकावं तसा तो थवा हवेत झटकला गेला. एका बाजूने राखाडी, वळला की पांढरा, पुन्हा राखाडी. डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा वारा ऐकू आला. मला दुर्बीण लावायचं भान राहिलं नाही. काकांनी माकडटोपी काढून हातात घेतली होती, आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर पाऊस पडत होता. ते कुणावरही रागावले नव्हते. ते पाहून मला, खरं सांगतो, रडू आलं.

थवा उतरला. काकांनी टोपी घातली. "किती वाजले?"

"अकरा."

"छापील बघून आणलंस मला."

मी खाली बघितलं. आता माझ्यावर गडगडाट होणार हे उघड होतं. पण काका बाकावर जाऊन बसले आणि बोटांची पेरं मोजू लागले. ओठ हलत होते. पोह्यांचा डबा उघडून मी त्यांच्यापुढे धरला, तो त्यांना दिसला नाही. बऱ्याच वेळाने ते उठले. चेहऱ्यावर राग परत आला होता, पण हा राग निराळा होता, विजयाचा. "सूत्र बरोबर आहे! इथला समुद्र आगाऊ आहे. माझ्या तीनच्या जागी अकराला येतो. पाऊणपट, वजा चार!" आणि ते तरातरा त्या चड्डीवाल्याकडे गेले. त्याने ते वाक्य म्हणायला तोंड उघडलंच होतं, पण आज भरती समोरच होती. तेव्हा तो नुसतं म्हणाला, "गुड वन टुडे, ए? व्हॉट टाइम नेक्स्ट संडे, यू रेकन?"

त्या माणसाला काय ठाऊक, त्याने काय विचारलं ते! गेली कित्येक वर्षं या प्रश्नाची वाट बघणारा माणूस त्याच्यासमोर उभा होता. काकांनी घसा साफ केला. एकादशी. अकरा पाऊणे सव्वाआठ, वजा चार. "फोर फिफ्टीन," ते म्हणाले. चड्डीवाल्याने खिशातून कोष्टक काढून पाहिलं. "हाफ अवर आउट. नॉट बॅड, मेट. स्वीट ॲज." म्हणजे अर्धा तास चुकलं, पण एकदम झकास. परतताना काका त्या अर्ध्या तासावर मनुरेवा येईपर्यंत तापलेले होते. छापणाऱ्याची चूक, दुसरं काय! बायकोच्या डॉक्टरची चौकशी त्यांनी केली नाही. उलट एका भरतीवर विश्वास ठेवू नये म्हणून जाईपर्यंतचे उरलेले सगळे रविवार त्यांनी वसूल केले.

पुढच्या मे महिन्यात ते आले नाहीत. छातीचं काहीतरी निघालं होतं आणि डॉक्टरने विमान बंद केलं होतं. माझे रविवार सुटले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. तो व्हायच्या आत शनिवारी दुपारी फोन वाजला. "उद्या नवमी. नऊ पाऊणे पावणेसात, वजा चार, पावणेतीन. जेवून लगेच नीघ. आणि चोच उजवीकडेच आहे ना, नीट बघ." मी चिडलो, आणि गेलो. दर शनिवारी फोन, दर रविवारी मी. आणि परत आल्यावर तिकडे फोन करून हजेरी द्यायची. इंटरनेटवर भरतीच्या वेळा मिनिटासकट मिळत होत्या. मी बघत नसे.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात काकांचा आवाज बारीक झाला होता. मधेच थांबत, मला मुलाच्या नावाने हाक मारत. त्या शनिवारी म्हणाले, "उद्या चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला जा." मी वाट बघितली. "तीनला," ते पुन्हा म्हणाले. "पाणी धक्क्याला लागलेलं असेल." वजा चार राहिलं होतं. त्यांच्यापुरता पुन्हा एकच समुद्र उरला होता, आणि तो बरोबर वेळेवर येत होता. माझ्या जिभेवर चार आलं होतं, ते मी गिळलं.

रविवारी मी तीनला गेलो. चिखल होता, आणि पलीकडे मोहरीएवढे ठिपके. चड्डीवाला दुर्बीण आवरत होता, मला बघून त्याने ते जुनं वाक्य म्हटलं आणि मग, हल्ली दर रविवारी विचारी तसं, "हाउज द ओल्ड फेला?" असं विचारलं. "स्वीट ॲज," मी म्हणालो. तो गेल्यावर मी बाकावर बसलो, गार पोहे खाल्ले, आणि मला त्या समुद्राचा असा काही राग आला म्हणून सांगू! एका म्हाताऱ्यासाठी एक दिवस चार तास थांबायला याचं काय जात होतं?

रात्री फोन लावला. "आले होते का रे?"

"आले होते, काका. सगळे."

"उठले?"

"डोक्यावरून गेले."

"बघ," ते म्हणाले, "तिकडचा समुद्रसुद्धा आला की नाही वळणावर? छापील नव्हतीस ना बघितली?"

"नाही," मी म्हणालो, आणि तेवढं खरं होतं.