शेवटचा बल्ब

बी.एड.च्या सरावपाठांसाठी मला पाचोडची शाळा मिळाली होती. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. ‘विद्युत परिपथ’ हा शब्दसुद्धा एसटीत मनातल्या मनात घोकत गेले. त्या दिवशी निरीक्षक सर मागच्या बाकावर बसणार होते. माझा आधीचा पाठ त्यांनी नापास केला होता. हाही गेला असता तर सगळा सराव पुन्हा करावा लागला असता.

टेबलावर सेल होते आणि एकाच तारेवर एकामागे एक जोडलेले दोन बल्ब.

“कोणता जास्त उजळेल?” बटण दाबण्याआधी मी विचारलं.

सगळ्यांनी पहिला बल्ब दाखवला.

“का?”

खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. “मॅडम, पाटाचं पाणी आधी वरच्यांना भेटतं. आमचं रान शेवटाला. आमच्यापर्यंत येईस्तोवर काय राहत नाय.”

वीज पाण्यासारखी वाहते, हेच सांगायचं मी ठरवून आले होते. मला ते तसंच शिकवलं होतं. पण या वर्गातलं पाणी वाटेतच संपणारं होतं. ती उपमा मी गिळली आणि बटण दाबलं.

दोन्ही बल्ब सारखेच लागले.

“मागचा भारीतला असंल,” एक मुलगा म्हणाला.

“वरच्या रानावाल्यांना असंच वाटणार!” ती म्हणाली. वर्ग हसला. “मॅडम, अदलाबदल करू?”

तिनं बल्ब बदलून लावले. तरी सारखेच. मग तिनं शेवटचा काढून घेतला, तर पहिलाही विझला.

“ए, आमचा कशाला घालवला? लाव, लाव!” तो मुलगा ओरडला.

बल्ब हातात धरून तिनं तारेवरून बोट फिरवलं. “म्हंजे हे पाटासारखं नाय. सायकलच्या चेनीसारखं हाय. कुठं बी तुटली तर सगळीच थांबती.”

“आणि फिरताना?”

“सगळी एकदमच फिरती. पुढं जास्त, मागं कमी, असं नसतं.”

तास संपला. फळ्यावर व्याख्या लिहायची राहून गेली होती. सरांनी त्यावरून सुनावलं, मग म्हणाले, “पाठ पुन्हा घ्यायची गरज नाही. चेनीचं उदाहरण चांगलं तयार केलंत.”

“माझं नाही, सर. तिचं आहे,” मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं मी त्या शाळेत तोवर बोलले नव्हते.