मोबाईलातली म्हैस

अक्कांची म्हैस माझ्या मोबाईलात अडकली होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी हात धरून मला घरी आणून सोडलं असतं. पण गोष्ट तशीच होती.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या होटगीला असतात, आम्ही सोलापुरात. गेल्या वर्षी त्यांची म्हातारी म्हैस आटली. त्यांनी ती विकली आणि आलेले पैसे घेऊन थेट माझ्याकडे आल्या. घरात ठेवले तर मुलं मोटारसायकलीत घालतील, ही धास्ती. मी तेव्हा नुकतीच क्रिप्टोच्या नादाला लागले होते. दुपारी व्हिडिओ बघून बघून मोबाईलवर एक ॲप घेतलं होतं, थोडे पैसे घातले होते, आणि ते वाढलेले दिसले की त्या दिवशी चहात साखर जास्त पडायची. मोठ्या ऐटीत मी अक्कांना समजावून सांगितलं, की हे नाणं हातात येत नाही, वाजत नाही, दिसत नाही, पण त्याला भाव असतो.

"मग ते हाय कुटं?"

"सगळीकडे."

"देवासारकं?"

"तसंच. पण हे विकता येतं."

अक्कांनी पिशवी माझ्यासमोर ठेवली. "ठेव मग तुज्यात. पर मला म्हैस गावली की लगीच काडून द्यायचं."

अक्कांनी माझ्यावर विश्वास टाकला याचं मला अजून नवल वाटतं, कारण त्यांनी मला नवी नवरी असताना पाहिलेलं आहे. तेव्हाची मी म्हणजे बघण्यासारखी चीज होती. मॅट्रिक झालेली, तोंडात चार इंग्रजी शब्द, आणि सासरच्या सगळ्यांना शिकवायला आपली नेमणूक झाली आहे असा चेहरा. सासऱ्यांचा रेडिओ खरखरायला लागला, तर या बाईसाहेब "आम्हाला हे सायन्सला होतं" म्हणत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसल्या. परत बंद केला तेव्हा मूठभर स्क्रू उरले. ते तिनं गुपचूप तुळशीच्या कुंडीत पुरले आणि सासऱ्यांना सांगितलं, की आता रेडिओ हलका झालाय. हलका झाला होता हे खरं. पण तो पुन्हा कधी बोलला नाही. पुरताना तिला एकाच माणसानं पाहिलं होतं. अक्कांनी.

तर यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला अक्कांना म्हैस गावली. करकंबला. मुऱ्हा जातीची, दुसऱ्या वेताची, पायाशी रेडी. अक्का फोनवर तिचं वर्णन करत होत्या ते मुलासाठी सून बघून आल्यासारखं. "डोळं बघ, काजळ घातल्यागत हायत. आन् सभाव गरीब." मालक रविवारपर्यंत थांबणार होता. त्यानंतर मोहोळचं एक गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन उभं होतं. "तवा आज इक ते नाणं," अक्का म्हणाल्या.

मी ॲप उघडलं. आधी कंपनीची खूण आली, मग ते गोल गोल फिरणारं चाक, मग माझ्या खात्याचं पान डोळा मिटावा इतका वेळ दिसलं आणि सगळं नाहीसं झालं. पडद्यावर अक्षरं: "हे ॲप वारंवार बंद होत आहे." ते मलाही दिसत होतं.

मी ॲप फक्त एकादशीला उघडते. त्या दिवशी भाकरी थापायच्या नसतात, दुपार मोकळी असते. त्यामुळे ते नेमकं कधीपासून बिघडलं हे मला सांगता येईना. मुलाला विचारावं तर तो आधी पाऊण तास "आई, तुला हे करायला सांगितलं कुणी?" यावर बोलला असता. म्हणून म्हटलं, आपणच बघू.

मोबाईल बंद करून चालू केला. जागा भरली असेल म्हणून शुभ सकाळचे सगळे गुलाब, सूर्य आणि वाफाळते कप पुसून टाकले. उन्हानं तापला असेल म्हणून त्याला कूलरसमोर पाटावर बसवला. मोबाईल गारठला, पण ॲप काही टिकेना. शेवटी कंपनीला लिहिलं. पलीकडून लगेच उत्तर आलं, की आपली गैरसोय आम्हाला समजते, कृपया ॲप उघडून मदत विभागात जावे. मी लिहिलं, ॲप उघडत नाही. उत्तर आलं, की आपली गैरसोय आम्हाला समजते. मग मीही त्याला लिहिलं, की मला तुमची गैरसोय समजते.

शनिवारी सकाळी अक्का दारात. चप्पल काढायच्या आधी म्हणाल्या, "धाकटे, खरं सांग. बुडालं न्हवं?"

"बुडालं नाही, अक्का. आत आहे. फक्त दार उघडत नाही."

"तू त्ये उगडलं तर न्हाईस?"

"मोबाईल कसा उघडेन मी?"

"रेडिओ कसा उगडलास?" त्या कुंडीकडं बघत म्हणाल्या. आमच्या आताच्या कुंडीत काही नाही, पण त्यांनी बोटानं माती चाचपून बघितली.

मग आम्ही दोघी नव्या पेठेत गेलो. तिथं मोबाईल दुरुस्त करणारा एक पोक्त माणूस आहे, चष्मा कपाळावर आणि जीभ दातात धरून काम करणारा. त्यानं आत साचलेला कचरा साफ केला, ॲप नवीन करून बघितलं. ते तसंच मिटलं. मग म्हणाला, "अम्मा, हे काढून परत टाकतो."

अक्कांनी काउंटरवर हात आपटला. "काडायचं न्हाय! आत म्हैस हाय."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "म्हैस याच्यात नै, माय. ती कंपनीकडं असते. हे नुसतं दार हाय." अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि त्याचं बोट पडद्यावर टेकताच अक्कांनी डोळे गच्च मिटले. ॲप गेलं, परत आलं, उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

मी म्हटलं, तुमच्याच मोबाईलवरून विकून टाकू. तो दोन्ही हात मागं घेत म्हणाला, "नै अम्मा. तुमचा पासवर्ड मी माझ्या फोनात घेणार नै. उद्या काय झालं तर माझ्या डोस्क्यावर." पण त्यानं तेच ॲप आपल्या मोबाईलात घेतलं, नुसतं भाव बघायला. तिथं ते दिमाखात चालू राहिलं. त्यानं दोन्ही मोबाईल काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि डोकं खाजवत बसला.

मी बघत राहिले. माझं ॲप नेमकं कुठं मिटतं? खूण दिसेपर्यंत ठीक. चाक फिरेपर्यंत ठीक. पैशाचा आकडा यायची वेळ झाली की मिटतं. मग माझी नजर दोन्ही घड्याळांवर गेली. त्याच्या मोबाईलात वाजले होते 1:20. माझ्यात वाजले होते १:२०.

आणि मला आमचं महिला मंडळ आठवलं. गेल्याच आठवड्यात तिथं मायबोलीवर असं कडक भाषण झालं, की आम्ही सगळ्याजणी उभ्या राहिलो, शपथ घेतली आणि तिथल्या तिथं एकीनं दुसरीला दाखवत आपापले मोबाईल मराठीत केले. सगळ्यात आधी कुणाचा झाला असेल? एवढं वय झालं, पण सभेत हात वर करणारी ती मॅट्रिकवाली अजून माझ्यात मुक्कामाला आहे. मोबाईल मराठी झाला तसे त्याचे आकडेही मराठी झाले. आणि ज्या कुणी ते ॲप बनवलं त्याला २ आणि ५ हे आकडे आहेत हेच ठाऊक नसणार.

"भाऊ," मी म्हटलं, "मोबाईल इंग्रजीत करून बघा बरं."

त्यानं केलं. ॲप उघडलं. चाक फिरलं. आकडा आला आणि जागेवर बसून राहिला. त्यानं खात्रीसाठी पुन्हा मराठी केलं, ॲप मिटलं. पुन्हा इंग्रजी, उघडलं. "या अल्ला," तो चष्मा डोळ्यांवर ओढत म्हणाला, "मी दिवसभर चिप शोधत बसलो असतो."

अक्का पडद्यावर वाकल्या. "कमी झालं का?"

"नाही, उलट वैरणीच्या गाडीएवढे जास्त आहेत."

आणि इथं माझा अंगठा थांबला. भाव वर चालला होता. मी म्हटलं, "अक्का, दोन दिवस थांबलो तर..."

"धाकटे." त्यांनी माझं मनगट धरलं. भाकरी थापून घट्ट झालेला हात. "मला आबाळातलं न्हाय पायजे. मला गोट्यातलं पायजे. इक."

मी विकलं. सरकारचा कर कापून बाकीचे पैसे संध्याकाळी बँकेत आले आणि तिथून लगेच करकंबला गेले. मालकाचा फोन आला, "आलं, बाई." अक्कांनी फोन माझ्या हातून घेऊन त्याच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. मोबाईल मी परत मराठीत केला, शपथ ती शपथ. माझं स्वतःचं नाणं आत आहे ते असू दे.

रविवारी दुपारी होटगीला टेम्पो आला. म्हैस उतरायला तयार नव्हती. अक्कांनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा पुढं धरला, आणि मुलांशीही कधी बोलल्या नसतील अशा आवाजात "ये गं माजी बाय" म्हणत तिला गोठ्यात नेलं. रेडी मागून लटपटत आली आणि माझ्या पदराचा काठ चघळायला लागली. मी तो सोडवला नाही.

संध्याकाळी अक्का धारेला बसल्या. आधी म्हैस पान्हा सोडेना, अक्का तिला पाठीवर थोपटत राहिल्या. मग बादलीत पहिली धार वाजली. मी म्हटलं, "काय अक्का, आहे का जमा?" "वाजतंय न्हवं?" अक्का म्हणाल्या. बादली भरत आली तसा धारेचा आवाज जाड होत गेला. तो ऐकत मीही शेजारी उकिडवी बसून राहिले.