पेले, वाट्या आणि जुनी सोयरीक

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, परभणीतल्या आमच्या घरी मध्यंतरी कित्येक दिवस कुणालाही स्टीलच्या पेल्यातून पाणी मिळालं नाही. पेले बँकेच्या कामात गुंतले होते. वाट्यासुद्धा. आमटी आम्ही ताटातच आळं करून खाल्ली आणि तक्रार केली नाही.

त्याचं असं झालं. माझी भाची ताडकळसहून आमच्याकडं राहायला आली होती, बँकेच्या परीक्षेच्या तयारीला. गणित चांगलं, इंग्रजी बरं. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, तर कोण कुणाच्या डावीकडं, हे तर ती चहा गाळता गाळता सांगायची. घोडं अडायचं नातेसंबंधांच्या प्रश्नांवर. 'एका फोटोकडे बोट दाखवून एक गृहस्थ म्हणाले' अशी सुरुवात झाली की पोरीच्या कपाळाला घाम. आणि ते गृहस्थही असे, की स्वतःच्या बायकोची ओळख 'माझ्या मुलाच्या आजोबांची एकुलती एक सून' अशी करून देणार. अशा माणसाबरोबर ती बाई नांदते कशी, हे मात्र कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत.

मागच्या वेळी पोरगी याच प्रश्नांनी थोडक्यात हुकली होती. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, त्यांनी बजावलं होतं, "अजून एकदा बस. न्हाई जमलं तर बँक बंद, अन आमी म्हणू तिथं लगीन." पोरीला बँकेतच जायचं होतं. तेव्हा ही शेवटची संधी.

एके दिवशी मोबाईलवरच्या सराव परीक्षेत तिचा पुन्हा एक प्रश्न चुकला. मी म्हटलं, वाच मोठ्यानं. तिनं वाचलं, "क ही ख च्या वडिलांची सख्खी बहीण आहे. तर क ही ख च्या नवऱ्याची कोण?"

"तू काय लिहिलंस?"

"आई. सरळ हाय की मामा. क ही ख ची आत्या, म्हणजे ख च्या नवऱ्याची आई."

"आणि बरोबर उत्तर?"

"आतेसासू." ती चिडलीच. "आई का न्हाई? मामी ख हाय, आजी क हाय, तुमी नवरा. समोर बसलेत की सगळे!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोष पोरीचा नव्हता, आमच्या घराचा होता. माझी बायको माझ्या मामाची मुलगी. म्हणजे माझी आई तिची आत्याही आणि सासूही. माझ्या धाकट्या भावानं दुसऱ्या मामाची मुलगी केली. आमच्याकडं एका माणसाला एकच नातं असणं म्हणजे दारिद्र्य. अशा घरात वाढलेल्या मुलीला कागदावरची ती कोरडी, एकेरी नाती पटणार कशी? एवढ्या गुंत्यात दाजींचा मात्र एक नियम पक्का. मामाची मुलगी करा, आत्याच्या घरी द्या, कितीही लांबचं नातं जोडा. पिढी चुकायला नको. मामा आणि भाची असं लांबून जरी लागत असलं, तरी दाजी ताटावरून उठतील.

मग मी सूत्रं हातात घेतली. तरुणपणी गणेशोत्सवात तीन अंकी नाटकं बसवलेला माणूस मी, नट नाहीत म्हणून थोडाच थांबणार? पेला म्हणजे पुरुष, वाटी म्हणजे बाई. नवरा-बायको चिकटून, भावंडं एका ओळीत, लेकरं खालच्या ओळीत. ओट्यावर रंगमंच.

"प्रश्नात दिलंय तेवढंच मांडायचं," मी गरजलो. "आपल्या घरचं एकही भांडं मधी आणायचं न्हाई!"

"भांडी घरचीच हायत," बायको म्हणाली, "अन तिचा तो सासरा उचला तिथून, मला फोडणी घालायचीय."

पण उपाय लागू पडला. पोरगी जेवतानाही कुणी वाटी सरकवली की "ही कुणाची कोण?" असं विचारायची. आई एकदा म्हणाली, "देवा, मला भाजी तरी वाढ, मग मला कुणाची बी बहीण कर."

परीक्षा पुढच्या रविवारी, आणि या रविवारी दाजी दारात हजर. मागं सेलूचे पाहुणे. कापसाच्या जिनिंगवर काम बघणारा मुलगा, त्याचे आजोबा आणि मिठाईचा पुडा. स्थळ चांगलं होतं, मुलगाही शांत. आजोबांना मात्र भलती घाई.

"पुढचा रविवार लय चांगलाय," आजोबा म्हणाले. "साखरपुडा उरकूनच टाकू."

भाची पाण्याचे पेले आणि चिवड्याच्या वाट्या घेऊन आली होती. ती जागीच थांबली. "रविवारी माझी परीक्षा हाय."

"परीक्षा काय, परत येती," दाजी म्हणाले. "स्थळ परत येत न्हाई."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. आता दाजींच्या घरच्या लग्नात मी आडवा कसा येणार? पण पाहुण्यांना संध्याकाळची गाडी होती. बोलण्यात तोवर वेळ काढला, तर आज तारीख ठरणार नव्हती. आणि म्हाताऱ्या माणसाला बोलतं ठेवायची एकच हमखास युक्ती आपल्या भागात आहे. मी खुर्ची पुढं ओढली आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "आजोबा, तुमची सोयरीक कुठंकुठं म्हणायची?"

आजोबांनी चपला काढून सोफ्यावर मांडी घातली. मानवतचे साडू झाले, पूर्णेच्या रेल्वेतले जावई झाले, एक व्याही तर मला वाटतं दोनदा झाले. मी घड्याळाकडं बघत "वा, वा" म्हणत होतो. तेवढ्यात आतून माझी आई आली. "माझं आजोळ जिंतूरकडचं," ती म्हणाली, आणि घराण्याचं नाव सांगितलं.

आजोबा सरळ बसले. "अहो, मग तुमची आई अन आमची मंडळी चुलत बहिणी की!"

"ती गोरी मावशी? माझ्या लग्नात मला हिरव्या बांगड्या भरलेली?"

"तीच! जाऊन वर्षं झाली. चुलत म्हणायचं फक्त, एका ताटात जेवलेल्या दोघी!"

आईनं डोळ्याला पदर लावला. दाजी फुलून गेले. "जुनी सोयरीक निघाली! आता रविवार पक्काच!"

माझा डाव माझ्याच अंगावर आला होता. मी हताश होऊन टीपॉयकडं बघितलं, तर तिथं वेगळंच चाललेलं. भाचीनं दोन वाट्या शेजारी ठेवल्या होत्या, त्या दोन चुलत बहिणी. एकीच्या खाली एक वाटी, म्हणजे माझी आई. दुसरीच्या खाली पेला, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील. आईच्या खाली आणखी एक वाटी, ती माझी बहीण. एक पेला कमी पडत होता. समोरच्या मुलानं स्वतःचं पाणी घटाघटा पिऊन आपला पेला गुमान पुढं केला. तिनं तो त्याच्या वडिलांच्या खाली, माझ्या बहिणीच्या ओळीत ठेवला. मग बहिणीच्या खाली एक चिमुकली वाटी, चटणीची. ती स्वतः.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटचा शब्द मला तिलाच द्यायचा आहे. दाजींनी त्या भांड्यांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मग मिठाईचा पुडा हळूच बंद केला. पाहुणे वेळेच्या गाडीनं गेले, आईला सेलूला यायचं आवतण देऊन. पुढच्या रविवारी दाजींनीच पोरीला परीक्षेच्या केंद्रावर सोडलं, आणि नातेसंबंधांचा एकही प्रश्न तिचा चुकला नाही. पूर्वपरीक्षा निघाली. मुख्य परीक्षेचा अभ्यास चालू आहे. पेले अजून ओट्यावरच असतात.

पण त्या दुपारी, ती चटणीची वाटी ठेवल्यावर, पोरगी पाहुणे, वडील, लाजणं, सगळं विसरली आणि टाळी वाजवून ओरडली:

"आजोबा, सुटलं की! मुलगा माझा मामा लागतो!"