छोट्या पातेल्यातली पळी

तव्यावर संकेश्वरी मिरची भाजली की त्या ठसक्यासरशी मला कॅम्प भागातलं जोसेफचं स्वयंपाकघर आठवतं. कुणी काय खावं हे दुसऱ्यानं ठरवू नये, असं पत्रक आम्ही दोघांनी कॉलेजात वाटलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या आईनं, म्हणजे मावशींनी, मला जेवायला बोलावलं. जहाजावर काम करणाऱ्या त्याच्या मामानं शिकवलेला मेक्सिकन बेत होता. संकेश्वरी मिरची भाजून घातलेलं बीफ मंद आचेवर रटरटत होतं आणि टॉर्टियासाठी, म्हणजे तिकडच्या पोळीसाठी, मैदा मळलेला होता.

मी निपाणीचा जैन. खाल्लं तर घरचा नेम मोडणार, नाही खाल्लं तर पत्रक खोटं ठरणार, असं मला वाटत होतं. त्या धास्तीत मी टॉर्टिया लाटायला घेतली आणि तेल लावून तिला चपातीसारखी घडी घातली.

"घडी नको रं, सपाट लाट," मावशी हसल्या. मग त्यांनी मागचं छोटं पातेलं पुढं ओढलं. त्यात राजमा होता आणि त्याची पळीही वेगळी होती. "हे तुझं. कांदा-लसूण न्हाय त्यात."

माझी घडीची टॉर्टिया जोसेफनं बीफच्या रश्शात बुडवली. "लई भारी. पुढच्या पत्रकात हेबी घाल."

तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं होतं. आज कळतं, आमचं पत्रक आम्ही छापण्याआधीपासूनच त्या घरात पाळलं जात होतं.