धावपट्टीखालची मोरी

"मॅडम, परत घेऊ का?" गजाभाऊंनी विचारलं.

तिसऱ्यांदा घेतलं, तरी आकडे तेच आले. मे महिना, सकाळचे साडेदहा. माझे मदतनीस गजाभाऊ स्टाफ धरून उभे होते आणि मी लेव्हलला डोळा लावून. लेव्हल म्हणजे तीन पायांवरची दुर्बीण. समोरच्या माणसाने धरलेल्या उंच पट्टीवरचा, म्हणजे स्टाफवरचा आकडा त्यातून वाचायचा, की त्या जागेची उंची कळते. काम सोपं आहे, ऊन सोसलं तर.

माझे आकडे असं सांगत होते : गावाकडची भातशेती खाली. मधली पट्टी अडीच फूट वर. पट्टीच्या पलीकडे खाडीकडची जमीन पुन्हा खाली. म्हणजे ही मैलभर लांबीची पट्टी पाण्याच्या आड झोपलेली. पावसात गावाकडचं पाणी खाडीकडे जायचं तर जाणार कुठून?

ही पट्टी म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या काळातली धावपट्टी. कामोठ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. शिकाऊ वैमानिक इथे विमान उतरवायला आणि उडवायला शिकत. चार तंबू, एक पत्र्याची शेड आणि ही काँक्रीटची पट्टी, एवढंच होतं म्हणे. लढाई संपली, तंबू गेले, पत्रेही गेले. पट्टी उरली. गावाने तिच्यावर भात झोडला, सुकट वाळवली, लग्नाचे मांडव घातले. पोरं सायकल शिकली. मी पाहिली तेव्हा तिच्या भेगांतून टाकळा उगवला होता आणि मधोमध कुणाच्या तरी मिरच्या वाळत होत्या.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या भोवती सगळीकडे मोजणी चालली होती. मी एका खासगी सर्व्हे ऑफिसात नोकरीला होते. ऑफिस एसटी स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर. त्या ऑफिसातली फील्डवर जाणारी मी एकटीच बाई. या पट्टीवरून नवा रस्ता जाणार होता.

संध्याकाळी मी साठे साहेबांपुढे शीट पसरलं.

"सर, पाणी अडकतंय."

"पट्टी आज बांधली का? पन्नास वर्षं अडकतंय का?"

"गावातले म्हणतात आठ-आठ दिवस शेतात तुंबतं, मग हळूहळू उतरतं. म्हणजे खाली कुठेतरी मोरी असणार. अर्धी बुजलेली."

"नकाशावर आहे?"

"त्या काळचा नकाशाच मिळत नाही."

"मग मोरी नाही." साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "हे बघ, ती पट्टी म्हणजे तयार पाया आहे. दोन्ही बाजूंनी मुरूम टाकून रुंद करायची, वर खडी, झाला रस्ता. शनिवारी ड्रॉइंग जाणार. त्याआधी मोरी दाखव, मी दोन्हीकडून लांबवून देतो. अंदाजाने पन्नास वर्षांचं काँक्रीट फोडायला मी सांगणार नाही."

तो मंगळवार होता.

मोरी बुजली असेल आणि तिच्या तोंडांवर आम्ही मुरूम टाकला, तर हळूहळू उतरणारं पाणीही उतरणार नव्हतं. गावातल्या चाळीस घरांची शेती कायमची तळ्यात जाणार होती. आणि ड्रॉइंगवर सही माझी असणार होती.

बुधवारी मी आणि गजाभाऊ पहारी घेऊन पट्टीच्या कडेने निघालो. पहार गाळात खुपसायची, दगड लागतो का बघायचं. मैलभर लांबीला दोन कडा. दुपारपर्यंत हाताला फोड आले आणि सापडली एक गंजलेली बादली. एक म्हातारा बांधावर बसून आमच्याकडे बघत होता. नामा पाटील. सत्तरीचा, कमरेला रुमाल, डोक्यावर टोपी.

"काय शोधताव बाय?"

"मोरी. पाण्याची."

"हाय ना. पट्टीच्या पोटात हाय."

"कुठे?"

म्हाताऱ्याने पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मना नाय ठावं. मी कामावर नव्हतो."

"मग कोण होतं?"

"आमची म्हातारी होती." एवढं बोलून तो उठला आणि चालायला लागला. दहा पावलांवर थांबला. "चला. पानी तरी प्या."

घरी जाताना त्याने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पट्टीखाली त्याच्या बापाचं शेत गेलं होतं, अर्धं. लढाई संपली की परत देऊ म्हणाले, दिलं नाही. बापाने घरात शपथ घातली, त्या कामावर कुणी जायचं नाही. त्या वर्षी घरात तांदूळ नव्हता. नामाचं नुकतंच लग्न झालेलं. नवी सून, ठमा, शेजारणींबरोबर टोपल्या वाहायला गेली. मजुरीत धान्य मिळायचं. ते शिजवून तिनं सगळ्यांना वाढलं.

"बापानं दोन वरसं तिच्या हातचं खाल्लं नाय. मी खाल्लं. पन बोललो काय नाय. बापाला बी नाय, तिला बी नाय."

"नंतर?"

"नंतर काय. र्‍हायलंच. घरात पट्टीचं नाव कंदी निघालं नाय."

ठमाआजी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेंग बोटांनी चाचपून सोलत होत्या. नामा पाटील त्यांच्यासमोर उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"या बाईला मोरी पायजे," तो म्हणाला. "पट्टीखालची. तुला ठावं असंल."

आजींचे हात थांबले.

"आज इचारताव?"

"आज इचारतोय."

त्यांनी सुपातले वाल नीट एका बाजूला केले. मग माझ्या आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाल्या, "खदानीच्या तोंडाशी पट्टीवर चढायचं. तितून खाडी उजव्या हाताला धरून बारा इसा पावलं. म्या रोज मोजायची. ऊन इसरायला मोजायची."

बारा विसा म्हणजे दोनशे चाळीस. मुरुमाची जुनी खदान मी पाहिली होती, आता तिचं डबकं झालं होतं. मी तशीच परत गेले, दोनशे चाळीस पावलं चालले, खूण केली. गावातले चौघे कुदळी घेऊन आले. गुरुवार दुपारपर्यंत खणलं. काही नाही. गाळाखाली पिवळी माती, त्याखाली आणखी पिवळी माती.

नामा पाटील खड्ड्याच्या काठावर उभा होता. "तिची आठवन चुकली असंल," तो हळूच म्हणाला. पण त्याला तसं म्हणायचं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

मी पंपाच्या पाण्यानं तोंड धुतलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. पावलाचं अंतर काढणं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. शंभर फूट चालायचं, पावलं मोजायची. माझं पाऊल अडीच फुटाचं. पण मी रिकाम्या हाताने चालले होते, पायात बूट घालून. ठमाआजी तेव्हा अठरा वर्षांच्या असतील, अनवाणी, डोक्यावर ओल्या मुरुमाची टोपली.

मी त्यांच्या सुनेला, रंजनाला बोलावलं. "तुम्ही आजींएवढ्याच उंचीच्या ना? डोक्यावर भरलेलं घमेलं घेऊन चालाल?"

"चालंन की. घरचंच काम हाय."

खदानीच्या तोंडापासून रंजना अनवाणी निघाली. मी मागे टेप धरून. दोनशे चाळिसाव्या पावलाला ती थांबली तेव्हा आम्ही माझ्या खड्ड्यापासून दोनशे फूट तरी अलीकडे होतो. ओझ्याखाली बाईचं पाऊल दीड फुटावर येतं. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिथे खणायला घेतलं. तासाभरात कुदळ दगडावर वाजली. घडवलेला काळा दगड, मग दुसरा, मग त्यांच्यामध्ये सिमेंटच्या पाइपचं अर्धं तोंड. पलीकडच्या कडेलाही तसंच तोंड निघालं. लांब बांबू घालून दोन्हीकडून गाळ ढोसला. दुपारी मी पोटावर झोपून आत पाहिलं, तर दुसऱ्या टोकाला रुपयाएवढा उजेड दिसला.

रंजना आजींना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी वाकून दगडावरून हात फिरवला.

"ही मोरी नवतीच घालनार," त्या मला म्हणाल्या. "मुकादम बोलला, सायबाच्या कागदात मोरी नाय. म्या बोलली, मंग आमच्या सासऱ्याचं उरलेलं शेत बुडंल. तो हसला. मंग म्या टोपली खाली ठेवली आन बसली. माझ्या बाजूला सकू बसली. मंग सगल्या बायका बसल्या. दोन दिस बसलो. तिसऱ्या दिशी पाइप आला."

नामा पाटील पलीकडच्या तोंडाशी होता, गाळ काढत. त्याने ऐकलं की नाही मला कळेना. पण पाइपमधून आवाज चांगला जातो. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, घुमून, जाड होऊन.

"ठमे."

आजी दचकल्या. रंजना माझ्या कानाशी म्हणाली, "बाबांनी आयेला नावानं कंदी हाक मारली नाय."

"ठमे, आयकतंस का?"

"आयकतंय."

"बापाचं शेत तू राखलंस गो. का नाय सांगितलंस?"

आजी दगडाला धरून पाइपच्या तोंडाशी बसल्या.

"कोनी इचारलं होतं?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आता वर या. चिखलात गुडघे दुखतील."

तो वर आला, पट्टी ओलांडून अलीकडे आला आणि तिच्या शेजारी बसला. दोघंही चिखलाने भरलेली. त्याने आपला रुमाल सोडला आणि तिच्या हाताचा गाळ पुसत राहिला, एकेक बोट. मी शीट उलगडून उगाचच काहीतरी लिहीत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

साठे साहेब संध्याकाळी जीपने आले. पँट वर दुमडून खड्ड्यात उतरले, हाताने दगड वाजवून पाहिला.

"कुणी शोधली?"

"ठमाआजींनी. यांनीच घालून घेतली होती."

साहेबांनी आजींना नमस्कार केला. मग मला म्हणाले, "दोन्हीकडून लांबवून दाखव. आणि शेजारी एक नवी मोठी मोरी टाक. एक पाइप या एवढ्या शेताला कसा पुरेल?"

ड्रॉइंग शनिवारी गेलं. रस्ता पुढच्या वर्षी झाला. त्या पावसाळ्यात मी मुद्दाम जाऊन आले. दोन्ही मोऱ्यांतून गढूळ पाणी खाडीकडे धावत होतं आणि गावाकडची लावणी वेळेवर लागली होती. नामा पाटील भेटला. म्हणाला, म्हातारीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. आता ती त्याला रोज सांगते, तुमी लय म्हातारं झालाव.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. जुन्या बांधकामाच्या जागी गेले की आधी विचारते, हे बांधताना कामावर कोण होतं? गावातले पुरुष पुढे येऊन सांगतात. ते मी सगळं लिहून घेते. मग घरात जाऊन पुन्हा विचारते.