तीन खिशांचे गुलाबराव

आसेगावातले आमचे शेजारी गुलाबराव काका शिंप्याला बजावून सदऱ्याला तीन खिसे लावून घ्यायचे. एकात स्वतःचा मोबाईल, दुसऱ्यात बायकोचा, तिसऱ्यात मुलीचा, वैशालीचा. "बाईमाणसाले मोबाईल कायले पाह्यजे? कोनाशी बोलाचं ते मले सांगा, मी लावून देतो!" काकूंना माहेरी बोलायचं असलं तरी फोन यांच्या हातात, स्पीकर चालू, आणि मधूनमधून यांचे हुंकार. असला कोता माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुलगा प्रशांत मात्र दिवसभर ओसरीवर रील बघत लोळायचा. त्याला कोण विचारणार!

आणि हेच गृहस्थ माजी सरपंच म्हणून महिला मेळाव्यात भाषण ठोकायचे, "पोरगी शिकली पाह्यजे!" टाळ्या पडल्या की मिशीवर हात.

वैशालीला नर्सिंगला जायचं होतं. यादीत नाव लागलं. प्रवेश पक्का करायच्या शेवटच्या दिवशी मी तिच्यासोबत मंगरूळपीरच्या ऑनलाईन सेंटरवर गेले. ओटीपी गेला काकांच्या खिशात. तिनं माझ्या मोबाईलवरून त्यांना फोन लावला.

"बाबा, माह्या फोनवर मेसेज आला, त्यातला नंबर सांगा ना लवकर."

"नंबर कोनालेच सांगाचा नाई. फोनातली बाई रोज सांगून राह्यली."

"बाबा, मी वैशाली हाव!"

"चोट्टे असंच बोलतात. घरी ये, मंग पाहू."

आवाज ओळखला नसेल म्हणता? छे! आदल्याच दिवशी प्रशांतच्या बुटांचा ओटीपी यांनी पानठेल्यावर उभं राहून कुरिअरवाल्याला ओरडून सांगितला होता. पोरगी रडत पुन्हा पुन्हा फोन लावत होती, हे कापत होते. मुदत संपली, जागा गेली. संध्याकाळी म्हणतात कसे, "एवढं काय रडून राह्यली? नशिबात नसंन." किळस आली मला त्या माणसाची.

पुढच्या वर्षी वैशालीनं स्वतःच्या आधारवर सिम घेतलं, माझ्या घरी बसून फॉर्म भरला आणि अकोल्याला होस्टेलवर निघून गेली. काकू दुपारी माझ्याकडे येऊन तिच्याशी बोलतात. स्पीकर बंद ठेवून.

गेल्या महिन्यात गुलाबराव माझ्या दारात आले. आवाज लोण्यासारखा. "पोरीचा नवा नंबर दे वं."

"तिले इचारतो, मंग सांगतो."

"बापाले नंबर द्याले पोरीले इचारा लागते?"

"हो, लागते."

त्यांच्यासमोरच फोन लावला. ती म्हणाली, "नोको देऊ, ताई."

मी दिला नाही.