कुंचीचं वजन

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. गुलबर्ग्याच्या आमच्या कॉलेजात तेव्हा एक संशोधन चालू होतं. गरोदरपणात ज्या बायकांचा बीपी वाढला होता, त्यांची बाळं पुढे कशी वाढतात ते पाहायचं. माझ्या वाट्याला भालकीजवळच्या एका गावातली तान्ही मुलगी आली. दिवस भरण्याआधीच जन्मलेली, बारीकशी. दर आठवड्याला घरी जाऊन तिचं वजन करायचं, आणि ते वाढलं नाही तर तिला परत दवाखान्यात भरती करायचं, असं कॉलेजच्या मॅडमनी बजावलं होतं.

पहिल्या दिवशी बाळाच्या आजीनं गाठोडंच आणलं. डोक्यावर जाड कुंची, दोन दुपटी, पायांत चांदीचे वाळे.

"आजी, कपडे काढावे लागतील," मी हळूच म्हणाले.

"न्हाई गं बाई, वारं लागंल. अन् उघडं लेकरू तराजूत घालतेत व्हय? भाजी हाय का ती?"

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण आजीच्या वयाच्या बाईला उलट बोलायचं कसं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. आहे तसंच वजन केलं. दोन किलो सहाशे. लिहून टाकलं.

पुढच्या आठवड्यात काटा अडीच किलोवर थांबला.

"कमी झालं?" बाळाच्या आईचा चेहरा उतरला. "अक्का, परत दवाखाना? माझं दूध पुरंना का हिला?"

मी बाळाकडे नीट पाहिलं. बाळ आज एकाच दुपट्यात होतं. पाय मोकळे होते.

"वाळे कुठं गेले?"

"रुतायलेत म्हणून काढलेत," आजी म्हणाली. "अन् कुंची उकडायली तिला."

वाळे रुतायलेत म्हणजे पाय भरलेत! माझी चूक माझ्या लक्षात आली. मी मान खाली घालून सांगितलं, "मागल्या वेळी मी कपड्यांसकट वजन लिहिलं, आजी. ते कपडे द्या. त्यांना तर वारं लागत नाही ना?"

आजी हसत उठली आणि तिनं कुंची, दुपटी, वाळे काट्यावर ठेवले. साडेतीनशे ग्रॅम. मग बाळाला अंघोळीला नेलं, तेव्हा आजचं दुपटंही मोजलं. शंभर. मी वहीत दोनदा वजाबाकी केली. बाळ दीडशे ग्रॅमनं वाढलं होतं.

"म्हंजे लेकरू न्हाई, कुंची वाळली म्हण की!" आजी म्हणाली. बाळाची आई हसली, आणि डोळे पुसत पुन्हा हसली.

मॅडमना मी सगळं खरं सांगितलं. त्या आधी रागावल्या. मग म्हणाल्या, "आता सगळ्यांनीच अंघोळीच्या वेळेला जायचं."

पुढच्या खेपेला मी पोचले तेव्हा आजी परातीत पाणी घेऊन बसली होती आणि काट्याखाली पाट मांडलेला होता. बाळाच्या आईनं घडी केलेली कुंची माझ्यापुढे धरली.

"अक्का, आधी हिचं करायचं का लेकराचं?"